१९५१ ची शेवरलेट पिकअप : इंजिनच्या पहिल्या स्टार्टपर्यंतच्या नोंदी

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

घरात गौरी आल्यात आणि मी शेडमध्ये इंजिनचा चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उघडून बसलोय. बायकोने दोन हाका मारल्या. तिसरी येण्याआधी एवढं लिहून टाकतो.

गाडीची ओळख एकदाच. शेवरलेट ३१००, अर्ध्या टनाची, १९५१ ची. अमेरिकेत या घडणीच्या पिकअप १९४७ ते १९५५ निघाल्या. आपल्याकडे जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात १९२८ पासून गाड्यांची जोडणी व्हायची, ती १९५४ ला बंद पडली. म्हणजे आमची गाडी तिथल्या शेवटच्या काही वर्षांतली. आबांनी (आजोबांनी) ती कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका अडत्याकडून जुनी घेतली आणि वीसेक वर्षं गुऱ्हाळावरून गुळाचे रवे मार्केटला टाकले. त्या काळात असल्या गाड्यांची पेट्रोल इंजिनं उतरवून पर्किन्सचं डिझेल चढवायची लाटच होती. आबांनी चढवलं नाही. हौस म्हणून नव्हे, पैसे नव्हते म्हणून. त्यामुळे मूळ इंजिन शाबूत राहिलं, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यावर कोंबड्यांनी संसार केला.

इंजिनचं नाव थ्रिफ्टमास्टर. सहा सिलिंडर, २१६ घनइंच म्हणजे साडेतीन लिटर, ९२ हॉर्सपॉवर. काटकसरी मास्तरच म्हणा. तेलाच्या बाबतीत तर मास्तरांनी कमाल केलीय. आजकालच्या इंजिनात क्रँकमधून (खालच्या फिरत्या मुख्य दांड्यातून) भोकं पाडून रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत दाबाने तेल पोचवतात. इथे पंपाचं तेल क्रँकच्या मेन बेअरिंगला आणि कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) मिळतं, रॉडच्या नशिबी नुसती पळी. प्रत्येक रॉडच्या टोपीखाली एक छोटी पळी आहे. खाली चेंबरमध्ये तेलाने भरलेल्या पन्हळी. स्लोवर (रेस न देता) इंजिन चालताना पळी पन्हळीतून तेल उचलते. रेस वाढली की बाजूच्या नॉझलची धार थेट पळीच्या तोंडात बसते. बेअरिंगही बदलायच्या वाट्या नाहीत, रॉडमध्येच व्हाइट मेटल (कथिलाचा मऊ मिश्रधातू) ओतलेलं.

ते ओतलं उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांनी. वय सत्तरीच्या पुढं, आणि हे काम येणारा माणूस मला दुसरा सापडला नाही. (त्याआधी गाडी दोन वर्षं एका नावाजलेल्या गॅरेजात पडून होती. तिथून ती परत आणली तेव्हा हेडलाइटच्या रिंगा आणि हँडल गायब. असो.)

आज नॉझल तपासले. मामांनी चेंबरच्या नळीला हातपंप जोडून रॉकेल सोडलं. पाच धारा सरळ आल्या. तिसरी दोन बोटं अलीकडेच वाकून पडली. नळी वाकलेली होती, केसाएवढीच. मामांनी पक्कडीला चिंधी गुंडाळली, नळी जरा वळवली, पंप मारला, पुन्हा वळवली. पंधरा-वीस वेळा तरी केलं असेल.

"मामा, एवढ्यानं काय होतंय?"

"तिसरा रॉड जळतोय, एवढंच होतंय."

७ सप्टेंबर, रविवार

इंजिन चॅसिसवर बसलं. आज रात्री ग्रहण, उद्यापासून पितृपक्ष. आईचं म्हणणं, वेध लागायच्या आत उरका. चेनपुलीला तसली घाई नव्हती, पण एक वाजेपर्यंत मागचे माउंटिंग बोल्ट बसले. पळ्यांची तोंडं कॅमशाफ्टच्या बाजूला आहेत ना, हे मामांनी चेंबर लावण्याआधी बॅटरी मारून सहाच्या सहा पाहिलं. उलटी बसली तर पळी तेल उचलायच्या ऐवजी पाठ दाखवून निघून जाते.

१४ सप्टेंबर

वायरिंग. गाडी सहा व्होल्टची. शेवरलेटने बारा व्होल्ट आणले ते १९५५ ला. भेटेल तो सांगतोय की बारा करून टाक, कटकट मिटेल. मी नाही करणार. बॅटरीवाल्याने तीन सेलची दणकट बॅटरी जोडून दिली. पहिल्या दिवशी स्टार्टर दाबला तर इंजिनने जांभई दिल्यासारखा अर्धा फेरा घेतला आणि थांबलं. दोष स्टार्टरचा नव्हता. तेवढीच ताकद सहा व्होल्टवर ओढायची तर करंट दुप्पट लागतो, आणि मी लावलेली केबल आजच्या कारची, करंगळीएवढी. वेल्डिंगची केबल आणून तिचे थिंबल दाबून घेतले, अर्थची पट्टी बसते तिथला रंग घासून लोखंड उघडं केलं. आता फिरतंय.

रंग घासताना जीव तुटला. आठ दिवसांपूर्वीच मारला होता.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सकाळी आबांचं पान ठेवलं, दुपारी पेट्रोलचं काम.

या गाडीची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे. ती आतून साफ झालीय. पंप इंजिनच्या कडेला, कॅमशाफ्टच्या टोल्यावर चालणारा, आत रबरी कापडाचा पडदा. जुन्या स्टॉकमधला नवाकोरा पडदा मिळाला म्हणून मी खूश होतो. गेल्या रविवारी तो पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला होता. आज काढला तर फुगून मऊ पडलेला, कडेला नखाने रबर निघतंय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, १९५१ च्या पडद्याला ते ठाऊक असायचं कारण नाही. ऊस आमचा, मळी आमच्या कारखान्याची, इथेनॉलही तिचंच, आणि पडदाही आमचाच गेला.

पडदा फाटला की गाडी बंद पडते, एवढंच असतं तर रस्त्यात उतरून ढकलली असती. पण या पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल आतून थेट चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, आणि पळी तेच पातळ पाणी उचलून व्हाइट मेटलला पाजते. मामांनी पडदा बोटांत चुरगाळला आणि म्हणाले, "पहिलं स्टार्ट सलाईनवर."

इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मागवलाय. तोवर पडद्याविना पंपाची नुसती बॉडी झाकणासारखी, भोक बंद ठेवायला.

२८ सप्टेंबर

आज काहीच चालू झालं नाही, आणि आतापर्यंतचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच.

तेल भरलं, पावणेपाच लिटर. प्लग सहाही बाहेर. डेल्को अजून बसवायचाच होता. (आपल्याकडे कुठल्याही गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाला, मिस्त्री डेल्को म्हणतात. या गाडीवर तो खरोखरच डेल्को-रेमीचा आहे.) डेल्कोच्या दांड्याचं टोक खाली तेलपंपाच्या खाचेत बसतं आणि पंप फिरवतं. म्हणून डेल्को बसवण्याआधी त्याच भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर सोडायचा, वर ड्रिल मशीन लावायचं आणि इंजिन बंद असतानाच पंप फिरवायचा. मुठीपर्यंत घासून गोल केलेला दोन फुटी स्क्रूड्रायव्हर मामांनी पिशवीतून काढला. तो खास याच कामाचा.

पहिला मिनिटभर ड्रिल नुसतं मोकळं फिरलं. मग एकदम जड झालं, मशीनने सूर बदलला. पुतण्या डॅशबोर्डसमोर बसला होता, ओरडला, "काका, काटा हलला!"

काटा तीसपर्यंतच्या तेलाच्या गेजवर दहाच्या पुढे. मी हात वर केले. मामांनी मान हलवली. गेज मेन लाइनचा दाब सांगतं, पन्हळीत तेल आलं का हे त्याला कुठलं कळायला? काटा वर आणि पन्हळ कोरडी, असं या इंजिनात सहज होऊ शकतं. म्हणून ड्रिल चालूच ठेवायचं. दुसऱ्याने हँडल मारून क्रँक पाव-पाव फेरा फिरवायचा, म्हणजे पळ्या बुडतील आणि तेल बेअरिंगला लागेल. (हँडल नवं घडवून घेतलं. मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.) चाळीस मिनिटं गेली. खांदा गेला. वर टॅपेट कव्हर उघडं होतं, तिथे रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांच्या) मधल्या जोडाशी तेलाचा थेंब फुगला, थांबला आणि कडेने ओघळला. तोवर मामांनी ड्रिल सोडू दिलं नाही.

"आता उद्या पुन्हा. आणि परवा."

"मामा, गुरुवारी दसरा आहे. सगळे येणार आहेत."

"येऊ देत की. पूजा कर. गाडी कुठं जातीय?"

२ ऑक्टोबर, दसरा

माझं चुकलं. लिहून ठेवतो.

मामा सकाळी त्यांच्या लेथची पूजा करायला उद्यमनगरात. मी काल रात्री एकट्याने डेल्को बसवला. या इंजिनचं टायमिंग (स्पार्कची वेळ) पाहायला बेल हाउसिंगला एक छोटी खिडकी आहे. आत फ्लायव्हीलमध्ये लोखंडाची बारीक गोळी ठोकलेली, ती काट्यासमोर आली की पिस्टन वर पोचायच्या पाच डिग्री आधी. गोळी काट्यासमोर आणली, रोटर (डेल्कोतला फिरता हात) एक नंबरकडे, पॉइंटचा गॅप अठरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगच्या वायरी १-५-३-६-२-४ या क्रमाने. सगळं पुस्तकाबरहुकूम.

सकाळी बॉनेटला झेंडूची माळ, टायरखाली लिंबं, वर नारळ. आत्या, काका, चुलत भाऊ, त्यांची मुलं, सगळे मोबाइल उंच धरून. मी पायाचा स्टार्टर दाबला. दोन फेरे, आणि कार्ब्युरेटरमधून ठाप्पकन आवाज. दुसऱ्यांदा दाबला, तर वर हातभर जाळ. एअर क्लीनर लावलेला नव्हता. माळेतले चार झेंडू पेटले. बाबांनी खुर्चीतून उठून शेजारचं ओलं बारदान कार्ब्युरेटरवर टाकलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढ्या चपळाईने उठताना मी गेल्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. जाळ विझला. रंगाला धक्का नाही, पण एका व्हिडिओत माझं तोंड असं आलंय की तो मी कुणाला पाठवणार नाही.

संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. भेटेल तो विचारत होता, "झाली का चालू?"

५ ऑक्टोबर

मामांनी खिडकीत पाहिलं, गोळी बरोबर. डेल्कोची टोपी काढली, रोटर बरोबर. मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि मला हँडल मारायला सांगितलं. गोळी आली तेव्हा अंगठ्याला वारा लागलाच नाही. पुढच्या फेऱ्याला अंगठा फटकन उडाला.

गोळी दर फेऱ्याला येते. स्पार्क दोन फेऱ्यांत एकदा. मी एक फेरा उलटा पकडला होता, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेने धूर सोडायच्या वेळेला आग लावत होतो. पुस्तकात हेही लिहिलंय, माझ्यापाशी त्या पानावर चहाचा डाग आहे.

दोन उपाय. टोपीवरच्या सहाही वायरी अर्धा वेढा पुढे सरकवायच्या, पाच मिनिटांचं काम. किंवा डेल्को काढून सुलटा बसवायचा. मी वायरीकडे हात नेला.

"चालतंय तसंही," मामा म्हणाले. "पण पुढचा मिस्त्री शिव्या घालंल. आणि तो मी नसणार."

डेल्को काढला. भोक उघडं झालंच आहे म्हटल्यावर पुन्हा वीस मिनिटं ड्रिल.

१२ ऑक्टोबर, रविवार

तिथी पाहिली नाही, नारळ आणला नाही. शेडमध्ये मामा, पुतण्या, मी. बाबा दुपारचे झोपलेले.

बॉनेटच्या कडीला सलाईनची बाटली उलटी टांगली. आत अर्धा लिटर पेट्रोल, नळी थेट कार्ब्युरेटरला. चाळीस फुटांच्या ट्रकपासून लुनापर्यंत सगळ्यांना आपल्याकडे हेच औषध. अग्निशामक सिलिंडर पायाशी, ओलं बारदान फेंडरवर. रेडिएटर भरलेला, सायलेन्सरला पाइप लावून धूर बाहेर काढलेला. हँडब्रेक असून नसल्यासारखा, म्हणून चारी चाकांना दगड.

चोक ओढला. स्टार्टर. फिरलं, फिरलं, काही नाही. दुसऱ्यांदा एका सिलिंडरने उत्तर दिलं, खोकल्यासारखं. मामांनी डेल्को दोन केस फिरवला. तिसऱ्यांदा पायाखाली स्टार्टरचा आवाज होता आणि मग नव्हता. मी पाय तसाच दाबून धरलेला, आणि वरून मामांचा हात खांद्यावर, "सोड, सोड! चालू हाय!"

आवाजाचं वर्णन जमणार नाही. अंगणात कुणी जातं फिरवावं तसा जड, सलग, मधेच एक दाणा आडवा आल्यासारखा. काटा पंधरावर. नव्या मॅनिफोल्डवरचा रंग जळून शेडभर निळा धूर. पुतण्या नाचत होता. मामा नाचत नव्हते. त्यांनी चेहरा वाकडा करून कान पुढे केला, आणि मग मलाही ऐकू आलं. टक्, टक्, टक्, डावीकडून, खालून.

माझ्या पोटात गोळा. खालून म्हणजे रॉड.

मामांनी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक प्लग हेडला शॉर्ट करत गेले. ज्या रॉडचं बेअरिंग सैल असेल त्याच्या सिलिंडरची आग काढून घेतली की त्याच्यावरचा भार जातो, आणि ठोका पडतो किंवा बदलतो. एक नंबर, इंजिन लंगडलं, टक् तसंच. दोन. तीन नंबरला मी श्वास धरला, त्या वाकड्या नॉझलची आठवण होती. टक् तसंच. सहाही झाले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा करून मूठ कानाला लावली आणि टोक ब्लॉकवर टेकवत गेले, डॉक्टरसारखे. पेट्रोल पंपाच्या बॉडीवर थांबले. हसले. आत पडदा नाही, मोकळी दांडी कॅमच्या टोल्यावर नाचतेय.

अकरा मिनिटं चाललं. मागच्या कोअर प्लगमधून (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकावरच्या झाकणातून) पाणी झिरपायला लागलं म्हणून बंद केलं. बंद केल्यावर सायलेन्सर थंड होताना टिचटिच करत होता, त्याला आम्ही तिघं पाहत बसलो. मामांनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढली.

१३ ऑक्टोबर

इंजिन कोमट असताना तेल सोडलं, स्टीलच्या ताटात. (ताट बायकोचं. नवं आणून दिलं.) उन्हात नेऊन तिरपं केलं. व्हाइट मेटलमध्ये कथील जास्त, त्याला लोहचुंबक धरत नाही, म्हणून चुंबक फिरवून समाधान मानायचं नाही, डोळ्यांनीच पाहायचं. बोटावर घेतलं. करडी झाक आहे, ती नव्या बेअरिंगची असतेच. चमचमणारा कण एकही नाही. बारीक मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर एक झेंडूची पाकळी, करपलेली. ती आत कुठून गेली, कळत नाही. टॅपेट कव्हर दसऱ्याला बंदच होतं असं मी शपथेवर सांगत होतो, आता सांगणार नाही.

१९ ऑक्टोबर

नवा पडदा बसला, सलाईन उतरलं. नवा कोअर प्लग ठोकला. हेडचे बोल्ट पुन्हा आवळले. नवं तेल घातलं, पुन्हा ड्रिलची मिनिटं भरली, आता त्याचा कंटाळा येत नाही.

आज अर्धा तास चालवलं आणि गरम चालू इंजिनवर टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट केले. इनलेट सहा थाऊ, एक्झॉस्ट तेरा. रॉकर उडत असताना फिलर गेजची पट्टी मधे सरकवायची, लॉकनट धरायचा, स्क्रू फिरवायचा. हे दोन हातांचं काम नाही, तीन लागतात. पहिल्या चार टॅपेटला मनगटापर्यंत गरम तेल उडालं. नंतर पट्टीची ओढ बोटांना समजायला लागली. ढेपेत सुरी फसते तशी ओढ हवी, सैल नको, अडायलाही नको. बारावा झाला तेव्हा इंजिनमधली शिलाई मशीनसारखी टिकटिक मावळली होती. काटा गरम स्लोवर पाचाच्या आसपास. या इंजिनला एवढा चालतो, पण नजर तिथेच जाते.

बाबा झोपेतून उठून शेडच्या दारात आले. काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ उभे. लहानपणी आबांच्या शेजारी बसून ते याच गाडीतून मार्केटला जायचे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"स्लो जास्त आहे," म्हणाले. "आबा एवढा ठेवत नव्हते. पेट्रोल जातं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू अर्धा फेरा कमी केला. बाबा अजून उभेच.

"अजून थोडा."

पुढचं काम: ब्रेक. मास्टर सिलिंडर गंजून बसलाय.